परदेशातील तुरुंगात अडकलेल्या नातेवाइकासाठी अर्ज: संमती, अपील आणि हस्तांतरण

परदेशात नाहक तुरुंगात पडलेल्या माणसासाठी घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि पासपोर्टची प्रत, व्हिसा, नोकरीचा करार व मिळाल्यास गुन्हा क्रमांक जोडावा. तो जहाजावर नोकरीला असेल, तर कांजूरमार्गच्या नौवहन महासंचालनालयालाही सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तिकेच्या) प्रतीसह स्वतंत्र अर्ज द्यावा.

खरे घोडे अडते ते कैद्याच्या संमतीपाशी. अनेक देशांत गोपनीयतेचे कायदे इतके कडक आहेत, की त्याने स्वतः होकार दिल्याखेरीज तिथले प्रशासन भारतीय दूतावासालाही माहिती देत नाही. आणि तो होकार आणायला आई-वडील तुरुंगापर्यंत पोहोचणार कसे, याचा विचार कोणत्याही फॉर्ममध्ये केलेला नसतो. म्हणून त्याचा फोन येईल तेव्हा, ‘भारतीय दूतावासाला कळवा, माझी माहिती त्यांना द्या’ अशी लेखी मागणी तुरुंगाधिकाऱ्यांकडे करायला त्याला सांगावे. 1963च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36नुसार दूतावासाशी संपर्क हा त्याचा हक्क आहे. दोन मिनिटांचा फोन रडण्यातच संपतो, हे अनेक घरांत पाहिले आहे. त्यामुळे हे वाक्य आधीच कागदावर लिहून फोनजवळ ठेवावे.

एक गैरसमज मुदतीचाही आहे. तक्रार नोंदवल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. ती त्या देशाच्या कायद्यानुसार चालूच राहते. ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढ्या एका ओळीवर कुटुंबाला ताटकळत ठेवणे अन्यायाचेच आहे, पण त्या ओळीवर विसंबून वकील नेमणे लांबणीवर टाकू नये. दूतावास न्यायालयात वकील म्हणून उभा राहत नाही. तो स्थानिक वकील सुचवू शकतो, आणि ऐपत नसलेल्यांना पात्र प्रकरणांत भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळू शकते. ती मागताना परिस्थिती स्पष्ट लिहावी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडावा.

उरलेली शिक्षा भारतात भोगण्याची सोय 2003च्या कायद्याने आहे, मात्र त्या देशाशी भारताचा तसा करार असावा लागतो, निकाल अंतिम झालेला असावा लागतो आणि साधारणपणे किमान 6 महिने शिक्षा बाकी असावी लागते. निर्दोष माणसाच्या घरच्यांनी इथे फार जपून पाऊल टाकावे, कारण अपील प्रलंबित असताना हस्तांतरण होत नाही आणि इकडे आल्यावर भारतीय न्यायालय तो निकाल फिरवू शकत नाही. त्यामुळे घरी आणण्याच्या ओढीने अपील मागे घेण्यापूर्वी तिथल्या वकिलाचे मत लेखी घ्यावे.