सोलरचं पाणी कोमट येतंय? आधी हँड शॉवर बघा

‘ऊन कडक आहे, तरी पाणी कोमटच’ अशी तक्रार आली की आम्ही फोनवरच दोन गोष्टी विचारतो. मिक्सरवर हँड शॉवर किंवा जेट स्प्रे जोडलाय का? गार लाईनला प्रेशर पंप आहे का? बहुतेक वेळा गच्चीवर सोलरच्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते कोमट होतं खाली, तुमच्या बाथरूममध्ये.

होतं असं: दोन्ही नॉब फिरवून पाणी मनाजोगतं जमवायचं, आंघोळ झाली की शॉवरच्या दांड्यावरचं बटण दाबून पाणी बंद करायचं आणि नॉब तसेच उघडे ठेवायचे, उद्या पुन्हा जमवत बसायला नको म्हणून. पाणी थांबतं खरं, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाईन एकमेकींना जोडलेल्याच राहतात. मग स्वयंपाकघरात कुणी गरम नळ सोडला की गरम लाईनचा दाब उतरतो आणि बाथरूमच्या मिक्सरमधून गार पाणी तिकडे शिरतं. कधी उलटंही होतं. फ्लशच्या टाकीत कोमट पाणी किंवा गार नळाला आधी वाफाळती धार, ही त्याचीच लक्षणं. गार लाईनवर आरओ असेल तर जास्त काळजी घ्या, ४० अंशांवरचं पाणी मेंब्रेनला सोसत नाही.

फक्त गार लाईनला पंप असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण १ बार. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर गरम पाण्याला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. पंप मात्र गार पाण्याला दीड-दोन बार देतो. उघड्या मिक्सरमधून हे पाणी उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं आणि व्हेंट पाइपातून (टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारा उघडा पाइप) गच्चीवर वाहू लागतं. लोक म्हणतात, सोलर फुटला. मिक्सरचे नॉब बंद केले की वाहणं थांबतं. म्हणून व्हेंटला बूच मात्र कधीही मारू नका, ही टाकी दाब सोसायला बनवलेलीच नाही.

आम्हाला बोलावण्याआधी ही तपासणी करा. घरातले सगळे मिक्सर नॉबवरून घट्ट बंद करा. गच्चीवर सोलरमधून निघणाऱ्या गरम लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा. गिझरला गार पाण्याचं वेगळं कनेक्शन असेल तर त्याचाही कॉक बंद करा. (पावसाळ्यात उघडलेला हा कॉक ऑक्टोबरातही तसाच राहिलेला आम्हाला दरवर्षी सापडतो. तोच दोषी असेल तर काम इथेच संपलं.) आता एका ठिकाणचा फक्त गरम नळ सोडा. पाइपात राहिलेलं काही लिटर पाणी येईल, मग धार तुटायला हवी. तुटली तर घरातली सवय बदला, खर्च शून्य. गार पाण्याची धार चालूच राहिली तर कुठला तरी मिक्सर आतून गळतोय.

असा मिक्सर बाहेरून ठिबकत नाही, म्हणून पटत नाही. सिंगल लिव्हरच्या कार्ट्रिजमधल्या (दांडीखालचा, गरम-गार पाणी मिसळणारा सुटा भाग) सिरॅमिक चकत्यांवर टाकी धुतल्यानंतरची वाळू ओरखडे काढते, नाहीतर खालचं रबर बसतं. गरम नळ तसाच चालू ठेवून बेसिन आणि सिंकखालचे अँगल कॉक एकेक करून बंद करा. ज्याने धार तुटेल तोच मिक्सर. कार्ट्रिज बहुधा ३५ किंवा ४० मिमीचं असतं, पण खालच्या खुंट्या कंपनीगणिक वेगळ्या. फोटोवरून भागत नाही, जुनं काढून घेऊन या.

आम्ही एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावायचा आग्रह धरतो तेव्हा ‘बिल वाढवताय’ असं ऐकावं लागतं. पण घरात लहान मुलं आणि पाहुणे असतात, नॉब कोणीतरी उघडा ठेवणारच. कमी दाबाच्या गरम लाईनवर आम्ही पाऊण इंची पितळी फ्लॅपचा एनआरव्ही लावतो, तोही आडव्या पाइपावर. खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपावर लावला तर फ्लॅप उघडाच लटकत राहतो. हे चुकीचं काम आम्हाला पुष्कळदा काढून परत करावं लागतं. स्प्रिंगचा स्वस्त मिळतो, पण एवढ्या कमी दाबात शॉवरची धार मरते. गिझरच्या इनलेटला एनआरव्ही असेल तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे ना, हे आम्ही त्याच फेरीत पाहतो, वेगळे पैसे घेत नाही.

सोलर ठीक निघाला तरी व्हिजिट चार्ज लागतो, कारण गच्ची, डक्ट आणि दोन-तीन बाथरूम तपासायला दीड तास सहज जातो. वरची तपासणी करून काय दिसलं ते फोनवर सांगितलंत तर माणूस योग्य कार्ट्रिज आणि एनआरव्ही घेऊनच निघतो, दुसरी फेरी वाचते. शक्यतो सकाळी दहानंतरची वेळ घ्या, त्याआधी सगळ्या घरांत आंघोळी चालू असतात आणि लाईन बंद करता येत नाही.