सामूहिक बाग
सामूहिक बाग : अनेकांनी मिळून भाजीपाला, फळे वा फुले पिकवण्यासाठी राखलेली जमीन. काही बागांत प्रत्येक कुटुंबाला वेगळा वाफा मिळतो, तर काहींत सगळे मिळून कसतात आणि पीक वाटून घेतात. वाफे वेगळे असले तरी पाण्याचा नळ, अवजारे आणि खताचा खड्डा बहुधा सामाईक असतो, आणि माणसे जवळ येतात ती मुख्यतः त्यामुळेच. पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. कोणी परगावी गेले तर त्याची रोपे शेजाऱ्याला जगवावी लागतात. एका वाफ्यात कीड दिसली की इतरांना वेळीच सांगावे लागते. एकमेकांची भाषा न येणारी माणसेही खुरपणी शेजारी बसून, पाहून शिकतात. घरात एकाकी पडलेल्या वृद्धाला तर इथे रोज कोणीतरी सल्ला विचारायला येते, आणि हा लाभ टोपलीभर भाजीहून कमी नाही.

टंचाईच्या काळात अशा बागा वाढल्या. १८९० च्या दशकातील मंदीत अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातील पडीक जमिनी बेरोजगारांना बटाटे व भाज्या लावण्यासाठी मिळवून दिल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या साथीदारांनी बाउरी रस्त्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून बाग उभी केली. ती आजही आहे.

बागकामाचा आहारावरील परिणाम अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या परिसरातील एका चाचणीत तपासला गेला. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे २९१ प्रौढांचे दोन गट पाडून एकालाच बागकामाला लावले होते. त्या गटाच्या आहारात तंतुमय पदार्थ दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने जास्त आढळले. वाढ लहान वाटते, पण ती कोणतेही पथ्य न लादता झाली. मनावरचा ताणही या गटात अधिक कमी झाला.

शहरातील जुन्या भूखंडांच्या मातीत शिसे असू शकते. म्हणून लागवडीपूर्वी माती तपासणे आवश्यक ठरते. दोष आढळल्यास बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करतात.

बागेचे आयुष्य मात्र जमिनीच्या हक्कावर ठरते. कसणाऱ्यांच्या हाती लेखी करार नसेल तर वर्षानुवर्षे जोपासलेली मातीही एका निर्णयाने हातची जाते. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे वाफे पुरवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. न्यूयॉर्कमध्ये असे संरक्षण नव्हते. १९९९ मध्ये शहर प्रशासनाने शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढल्या, तेव्हा दोन ना-नफा संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या.