फोल्डर हलवून मागे लिंक ठेवताय? आधी आम्हाला कळवा

'बॅकअप तर रोज यशस्वी दाखवत होता, मग लग्नांचे फोटो गेले कुठे?' स्टुडिओवाले, छापखाने, सीए ऑफिसं, सगळीकडून हा प्रश्न येतो आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं.

सी ड्राइव्ह भरतो. ऑफिसातलं कुणी जाणकार मोठा फोल्डर डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवतं आणि जुन्या जागी त्याच नावाची सिमलिंक किंवा जंक्शन करून ठेवतं. हा साधा शॉर्टकट नव्हे. सॉफ्टवेअरला जुनाच पाथ चालतो, फायली पूर्वीसारख्या उघडतात, त्यामुळे फोल्डर हलवलाय हेच सगळे विसरतात. दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर नव्या पत्त्याची पाटी लावतात, तशी ही लिंक. बॅकअपमध्ये ती पाटी येते, दुकानातला माल येत नाही. पाटीची नक्कल नीट झालेली असते, म्हणून रिपोर्टमध्ये 'यशस्वी' येतं.

जुन्या जागेवरून नाहीशा झालेल्या फायलींच्या आधीच्या प्रती आम्ही बॅकअपमध्ये 90 दिवस ठेवतो. तेवढ्यात कळवलंत तर हलवण्याआधीची प्रत काढून देता येते. एका स्टुडिओची डी डिस्क बंद पडली तेव्हा फोल्डर हलवून पाच महिने झाले होते. गिऱ्हाइकांना दिलेल्या पेनड्राइव्हमधून फोटो परत गोळा करावे लागले, तरी सगळे मिळाले नाहीत.

'मग लिंकमागचं सगळं उचलायचं सेटिंग का लावत नाही?' आम्ही ते मुद्दाम लावत नाही. विंडोजच्या युजर प्रोफाइलमध्ये अशी जंक्शनं आधीपासूनच असतात. ॲपडेटामधल्या 'लोकल' फोल्डरातलं 'ॲप्लिकेशन डेटा' हे जंक्शन तर पुन्हा त्याच 'लोकल'कडे नेतं. लिंकमागे जाणारा प्रोग्राम तिथे आत आत शिरतच राहतो. शिवाय रिस्टोअर केल्यावर लिंकच्या जागी खराखुरा फोल्डर तयार होतो आणि एकाच कामाच्या दोन प्रती होतात. ताजी कोणती हे ओळखता येत नाही. लिनक्स सर्व्हरवर फायलींची नक्कल करणारा आरसिंक हा प्रोग्रामसुद्धा नेहमीच्या 'ए' पर्यायात लिंकला लिंकच ठेवतो. आम्हीही तेच करतो आणि मूळ फोल्डर बॅकअपच्या यादीत वेगळा घालतो. पण तो कुठे आहे, हे आम्हाला कळायला हवं.

तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, फोल्डर आधी जिथे होता त्या ड्राइव्हवर जाऊन 'डीआयआर' ही कमांड 'स्लॅश एएल' आणि 'स्लॅश एस' जोडून इंग्रजीत द्या. जिथे 'सिमलिंकडी' किंवा 'जंक्शन' दिसेल, त्याच ओळीत चौकटी कंसात खरी जागा लिहिलेली असते. तुम्ही स्वतः केलेल्या लिंक दिसल्या तर त्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. यादीत भर घालायला रिमोटवरून पंधरा मिनिटं पुरतात, त्याचे पैसे नाहीत. फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर असेल तर बॅकअपच्या वेळी ती जोडलेली असू द्या.

वार्षिक करार असलेल्यांना दर तिमाहीला आम्ही एक फोल्डर रिस्टोअर करून, त्यातल्या फायली उघडून दाखवतो. करार नसेल तरी पहिली चाचणी विनाशुल्क आहे. त्यासाठी तुमचा सगळ्यात मोठा आणि जुना फोल्डर सांगा. जागेसाठी हलवला गेला असेल तर तोच.