युद्धावर गेले की युद्धात गेले? चर्चमधल्या दोन याद्यांचा घोळ

मराठीत "तो गेला" म्हटलं की दोन अर्थ होतात, कुठेतरी गेला किंवा मग वारला, आणि यातला कुठला ते आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखतो. ब्रिटनमधल्या चर्चमध्ये पहिल्या महायुद्धाच्या नावांच्या ज्या याद्या लागल्या होत्या त्यांच्यात अगदी हाच घोळ आहे, आणि तिथे बघायला तोंड नाही, कितीतरी ठिकाणी तर भिंतसुद्धा राहिलेली नाही. कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जळालं, लिव्हरपूलचं सेंट ल्यूक चर्च मे १९४१ मध्ये, ते तर आजही बिनछपराचं उभं आहे. पण बॉम्बपेक्षा शांतपणे गेलेली चर्चं खूप जास्त आहेत, म्हणजे माणसं येईनाशी झाली, दोन पॅरिश (म्हणजे एकेका चर्चचे विभाग) एकत्र केले, इमारत विकली, तिथे फ्लॅट झाले आणि आतली पाटी कुठे गेली ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. पितळी पाट्या तर भंगारासाठी चोरीलाही गेल्यात.

मग कुणीतरी पणजोबांच्या भावाचं नाव शोधत येतं, जुन्या कागदांत कुठेतरी त्या चर्चची नावांची यादी सापडते आणि सगळे खूश होतात की चला, स्मारक सापडलं. इथेच थांबायचं. ती यादी रोल ऑफ ऑनरची आहे की वॉर मेमोरियलची, हे आधी ठरवायला लागतं, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोल ऑफ ऑनर म्हणजे बहुतेक वेळा या चर्चमधून सैन्यात कोण कोण गेलं त्याची यादी. ती युद्ध चालू असतानाच सुरू व्हायची, कागदावर सुबक अक्षरात लिहून फ्रेम करून दाराजवळ लावायची आणि रविवारी प्रार्थनेत ती नावं वाचायची. १९१६ च्या सुमारास लंडनच्या हॅकनी भागात तर गल्लीगल्लीत छोटी देव्हाऱ्यासारखी स्थळं उभी राहिली होती, त्या गल्लीतल्या मुलांची नावं आणि खाली फुलं, खुद्द राणी मेरी बघायला आली होती. त्या यादीतला माणूस जिवंत असायचा, त्याची आई खाली उभी राहून नाव वाचायची. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा होईपर्यंत गेलेले सगळे स्वतःहून गेलेले होते, त्यामुळे यादीत नाव असणं हा मान होता आणि नसणं म्हणजे शेजाऱ्यांचे डोळे.

वॉर मेमोरियल नंतरचं. युद्ध संपलं, वर्गणी काढली, कमिटी बसली, दगड किंवा संगमरवर किंवा पितळ ठरलं, आणि त्यावर मेलेल्यांची नावं. सरकारने नावं ठरवून दिलेली नव्हती, ते सगळं गावपातळीवर चाललं. कुणाची आई चर्चला यायची म्हणून मुलाचं नाव आलं, कुणी लग्नानंतर दुसऱ्या गावी राहायला गेला म्हणून दोन्हीकडे आला, आणि काही घरांनी नाव लावूच दिलं नाही, कारण मुलगा बेपत्ता होता आणि ते अजून वाट बघत होते. हे शेवटचं मला दर वेळी अस्वस्थ करतं, कारण अशा मुलाची आज कुठलीच पाटी नसते आणि त्यामागे निष्काळजीपणा नसून आशा असते.

एवढं सरळ असतं तर प्रश्नच नव्हता, पण नावानेच घोटाळा केलाय. वर्तमानपत्रं रोज मेलेल्यांच्या आणि जखमींच्या याद्या छापायची त्यांनाही रोल ऑफ ऑनरच म्हणायची, काही चर्चनी मेलेल्यांच्या पाटीवरच ते शब्द कोरले, आणि काही स्मारकांवर आधी मेलेले आणि खाली परत आलेले अशी दोन्ही नावं आहेत. जिथून गेलेले सगळेच परत आले अशी इंग्लंड आणि वेल्समध्ये पन्नासहून थोडी जास्त गावं आहेत, तिथे चर्चमध्ये जे आहे ते सगळं जिवंत परतलेल्यांचं. म्हणून शीर्षकावर विश्वास ठेवायचा नाही, यादी काय करते ते बघायचं.

कसं ओळखायचं? आधी तारीख बघा. यादी १९१५ किंवा १९१७ च्या पॅरिश मॅगझिनमधली असेल तर ती सैन्यात गेलेल्यांची असण्याची शक्यता जास्त आणि मुख्य म्हणजे ती त्या महिन्यात थांबलेली आहे, त्यात जिवंत असलेला माणूस पुढे १९१८ मध्ये मेला असेल तर त्या कागदाला ते माहीतच नाही. मग संख्या बघा, छोट्याशा चर्चच्या यादीत दीडशे नावं असतील तर ती बहुधा मेलेल्यांची नाही. आणि मग नावाशेजारची खूण. गेलेल्यांच्या यादीत कुणी मेला की नावापुढे छोटा क्रॉस किंवा चांदणी काढायचे, आणि पुढे कुणी यादी उतरवून घेताना, टाइप करताना तीच खूण गळते, आणि कागदावर सगळे सारखे होतात, मेलेले आणि घरी येऊन म्हातारे होऊन वारलेले.

आता स्मारकच नष्ट झालंय आणि नावं परत मिळवायची आहेत, तर माझ्या मते पहिला दरवाजा म्हणजे अनावरणाची स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी, १९१९ ते १९२२ च्या आसपासची, कारण त्यात पाटीवरची नावं बरेचदा पूर्ण छापलेली असतात. चर्च ऑफ इंग्लंडचं असेल तर आणखी एक चांगली सोय आहे, चर्चमध्ये कायमची पाटी बसवायला बिशपच्या कोर्टाची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात, आणि तो अर्ज, कधीकधी पाटीच्या नकाशासकट, काउंटीच्या दफ्तरखान्यात मिळू शकतो. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे चॅपलना ही फॅकल्टी लागत नव्हती, तिथे मिनिट बुकं, म्हणजे बैठकांच्या नोंदवह्या, चाळावी लागतात आणि तीही चॅपल बंद होताना जपली गेली असतील तरच. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमचं वॉर मेमोरियल्स रजिस्टर आहे, हे काम १९८९ मध्ये सुरू झालं, त्यात हरवलेल्या स्मारकांच्याही नोंदी आहेत, ते आधी बघितलं तर दुसऱ्याने केलेलं काम परत करायला लागत नाही.

नावं मिळाली की पडताळणी. समजा पाटीवर फक्त "डब्ल्यू. जोन्स" आहे, तर एकट्या पाटीवरून काही होत नाही, असे जोन्स शेकड्याने आहेत. इथे गंमत अशी की गेलेल्यांची यादी, जी मेलेल्यांचा पुरावा म्हणून कमकुवत, तीच कामाला येते, कारण तिच्यात बरेचदा पलटण लिहिलेली असते. पलटण कळली की वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदींत माणूस धरता येतो. फक्त ती तिसरीच यादी आहे हे लक्षात ठेवा, कमिशन १९१७ चं आणि ते गावावर नाही तर कबरीवर किंवा बेपत्तांच्या स्मारकावर नाव लावतं, आईवडिलांचा पत्ता घरच्यांनी फॉर्म भरून पाठवला असेल तरच असतो. त्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढाच काळ धरलाय, गॅसने फुप्फुसं गेलेला माणूस १९२३ मध्ये घरी वारला तर चर्चच्या पाटीवर असू शकतो, कमिशनकडे नाही. आणि सैनिकांच्या सर्व्हिस फाइली बघू म्हणाल तर सप्टेंबर १९४० मध्ये लंडनमध्ये गोदामावर बॉम्ब पडून त्यातल्या निम्म्याहून जास्त जळाल्या. म्हणजे चर्चही गेलं आणि फाइलही गेली असं एकाच माणसाच्या बाबतीत घडू शकतं, तेही दुसऱ्या महायुद्धात.

हे वाचताना आपल्याकडच्या दगडांची आठवण होते. महाराष्ट्रात, साताऱ्याकडे विशेष, गावात कुठेतरी भिंतीत बसवलेली पाटी दिसते, या गावातून महायुद्धावर इतके लोक गेले, त्यातले इतके मेले. दोन्ही याद्या एकाच दगडात, आणि दोन्हीत फक्त आकडा, नाव एकाचंही नाही. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या, पण बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांचे पलटणीप्रमाणे आकडेच कोरले, नावं गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर फोटो काढा, दोन्ही आकडे लिहून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा की कुणाच्या घरातलं कोण गेलं होतं. ते "गेला" म्हणाले की कुठला गेला, तेही तिथेच विचारून घ्या.