अजिंठ्याच्या अंधारात कोणती लेन्स?

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला लागून बुद्ध पहुडलेला आहे. महापरिनिर्वाणाचं हे शिल्प सुमारे ७ मीटर लांब. खाली शोकात बसलेले शिष्य, समोर खांबांची रांग, आणि खांब व मूर्ती यांच्यामधली वाट अगदी चिंचोळी. इथे कॅमेरा डोळ्याला लावला की प्रवासात कोणती लेन्स न्यावी, हा प्रश्न साध्या मोजमापाचा होऊन जातो. मागे सरकायला जागा किती आहे?

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, ३६ मिलिमीटर रुंद असतो. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे शाळेत शिकलेलं नाभीय अंतर, २४ मिलिमीटर असेल तर समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने आपण जितके दूर उभे असू त्याच्या दीडपट रुंदी चौकटीत मावते. आडवा बुद्ध पूर्ण घ्यायचा तर ४.७ मीटर मागे जावं लागेल. लेन्स २८ पासून सुरू होत असेल तर ५.४ मीटर. ३५ ची असेल तर जवळजवळ ७. चोवीस आणि अठ्ठावीसमधला फरक पाऊण मीटरचा, म्हणजे एक मोठं पाऊल. आणि त्या पावलाच्या जागी नेमका खांब उभा असतो.

त्यामुळे एका बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. झूम, म्हणजे फोकल लेंथ बदलता येणारी लेन्स, घेताना बहुतेक जण लांबचा आकडा बघतात, १०५ की २००. मी आधी जवळचा आकडा बघतो. लांबचं थोडं कमी पडलं तर फोटो घरी येऊन कापता येतो. कडेला जे चौकटीत आलंच नाही ते मागाहून कुठून आणणार? तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असेल तर फुल फ्रेमवरच्या २४ चं काम तिथे १६ मिलिमीटरला होतं. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सचा आकडा बऱ्याचदा १८ असतो, तो फुल फ्रेमच्या २७ च्या बरोबरीचा. माझ्या मते प्रवासासाठी २४ ते १०५ किंवा १२० पर्यंतची, एफ/४ ची (या आकड्याचा अर्थ पुढे येतोच) झूम हा सगळ्यात समंजस पर्याय. एपीएस-सीवर १६ ते ८०.

मग थेट १८-२०० का घेऊ नये? झूमच्या नळीत भिंगांचे गट असतात. त्यातला एक गट पुढेमागे सरकला की फोकल लेंथ बदलते, पण त्याबरोबर प्रतिमाही सेन्सरवरून सरकते. तिला जागेवर आणायला दुसरा गट निराळ्या गतीने हलवावा लागतो. झूमची रिंग फिरवताना हाताला लागते ती एकसलग, गुळगुळीत फिरकी. आतमध्ये मात्र वक्र खाचांतून हे गट आपापल्या चालीने सरकत असतात. वाइडच्या, म्हणजे जवळच्या आकड्याच्या टोकाला सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगू पाहतात, टेलीच्या, म्हणजे लांबच्या आकड्याच्या टोकाला आत ओढल्या जातात. २४-१०५ मध्ये हा पल्ला साडेचार पटींच्या आत आहे, १८-२०० मध्ये ११ पटींचा. पल्ला वाढला की दोन्ही टोकांना काही ना काही सोडून द्यावं लागतं. वाकलेले खांब कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर आता सरळ करून देतं, पण त्यासाठी कोपरे ताणले जातात आणि तिथलं बारीक कोरीवकाम पुसट होतं.

झूम लेन्स आज इतकी सर्रास दिसते, याचं मोठं श्रेय एका पातळ थराला आहे. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जुन्या धाटणीच्या, तीन गटांत चार भिंगं बसवलेल्या लेन्समध्ये असे ६ पृष्ठभाग, म्हणजे ७८ टक्के उजेड पलीकडे पोचायचा. झूममध्ये १० गट धरले तर पृष्ठभाग होतात २०, आणि पोचतो फक्त ४४ टक्के. परत फिरलेल्या प्रकाशातला काही आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर धुकं पसरवतो. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवण्याची रीत शोधली. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडतात. आजच्या अनेक थरांच्या लेपाने परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं तरी तीच झूम ९० टक्के उजेड देते. लेन्स तिरपी धरल्यावर दिसणारी हिरवी-जांभळी झाक या लेपाचीच. स्थिरचित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली १९५९ साली, फोग्टलेंडर कंपनीची झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटरची.

आता लेणं क्रमांक १ मध्ये या. आत पद्मपाणी बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र आहे. रंग जपायचे म्हणून फ्लॅशला बंदी, दिवे मंद, आणि चित्रापुढे कठडा. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे एपीएस-सी कॅमेरा आणि १८-१३५ ही एकच लेन्स होती. पद्मपाणीची झुकलेली नजर चौकट भरून हवी होती, म्हणून १०० पर्यंत झूम केलं. तिथे लेन्सचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नव्हतं. शटर १/३० सेकंदावर ठेवलं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८०० वर गेला. घरी येऊन पाहिलं तर भुवयांच्या त्या एका ओघातल्या रेषेवर रवाळ दाणे पसरलेले.

एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. उजेड बदलतो तो या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ मिळालं तर जवळपास १० पट उजेड, म्हणजे आयएसओ १२८०० ऐवजी १३०० च्या आसपास. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची, जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमची असते. पुढच्या खेपेला तीच नेली.

यात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. १०० ऐवजी ५० लावल्यावर चेहरा चौकटीत अर्ध्या मापाचा येतो. तो मूळ मापाला आणायला फोटो कापला की २४ मेगापिक्सेलमधले ६ उरतात. ए-४ आकाराच्या प्रिंटला तेवढे पुरतात, पण दसपटीचा नफा मात्र पुरता राहत नाही. चेहऱ्यावरून आलेला एकूण प्रकाश ठरतो छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर: झूमचं छिद्र १८ मिलिमीटर, प्राइमचं २८. क्षेत्रफळाने सुमारे २.४ पट. पूर्ण दसपट मिळते ती तुम्हाला चेहऱ्याऐवजी अख्खा चित्रपट्ट हवा असतो तेव्हा.

चित्र जागचं हलत नाही, त्यामुळे लेन्समधल्या स्थिरीकरणाच्या जोरावर शटर आणखी मंद ठेवता येतं, हेही खरं. पण मला लेण्यात माणसं हवी असतात. कठड्याला रेलून वर बघणारी आजी, चित्राकडे बोट करून सांगणारे मार्गदर्शक. स्थिरीकरण आपला हात सावरतं, समोरच्याचं हलणं थांबवत नाही. ते थांबवायला वेगवान शटर लागतं आणि त्यासाठी उजेड. झूम आपल्याला लांबचं-जवळचं दाखवते, उजेड आणून देत नाही. म्हणून सोबतीची लेन्स निवडताना पल्ल्यात भर घालणारी शोधू नये, उजेड वाढवणारी घ्यावी. फुल फ्रेमवर ३५ किंवा ५० ची एफ/१.८, एपीएस-सीवर २३ ते ३५ च्या दरम्यानची.

अतिवाइड लेन्स, म्हणजे २४ पेक्षाही बऱ्याच कमी आकड्याची, मी नेत नाही. वेरूळच्या कैलासासमोर तिचा मोह होतो, कारण मंदिर सुमारे ३० मीटर उंच आणि तिन्ही बाजूंनी कातळ. पण खाली उभं राहून कॅमेरा वर तिरपा केला की शिखराच्या बाजू एकमेकींकडे कलतात आणि मंदिर मागे पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा बाजूच्या टेकडीवरून कातळाच्या काठाशी जावं. तिथून सगळं मंदिर डोळ्यांखाली येतं आणि २४ पुरते. तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलल्यावर गेलेलं बरं.

लेन्स बदलायची ती लेण्याच्या दारात, वारा पाठीमागे घेऊन आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. पावसाळ्यात आणखी एक काळजी. रिंग फिरवताना लांब होणारी झूम दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, धूळ आणि दमट वाफ दोन्ही. महिनाभर बॅगेत पडून राहिली की भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात, आणि ती बुरशी लेपच खाते. माझ्या दोन्ही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, सोबत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आणि जरा बरा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवायचं, पण त्यासाठी वेगळं भांडं हवं, स्वयंपाकातलं चालणार नाही. तो निळा रंग कोबाल्टच्या विषारी क्षाराचा असतो.