झाडाचे पैसे आणि दप्तराचे पैसे

वंशावळीच्या परदेशी संकेतस्थळाची वर्गणी भरावी की भरू नये, हा प्रश्न कराड-पाटणपासून तासगाव-विट्यापर्यंतच्या ओळखीच्या मंडळींनी मला अनेकदा विचारला आहे, आणि दर वेळी माझ्या लक्षात आले आहे की विचारणाऱ्याला किंमत ठाऊक असते, पण ती कशाची किंमत आहे हे ठाऊक नसते. या सेवांमध्ये एकाच नावाखाली, आणि पुष्कळदा एकाच वर्गणीत, दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे वंशवृक्ष, म्हणजे आपण सांगितलेली माणसे पिढीवार मांडून ठेवण्याची जागा. दुसरी म्हणजे अभिलेख, म्हणजे कोणी तरी त्या त्या काळी, आपल्या वंशावळीचा विचारही मनात नसताना, जन्म, मृत्यू, जमीन किंवा प्रवास यांची केलेली नोंद. सोयीसाठी पहिल्या वस्तूला झाड आणि दुसरीला दप्तर म्हणू.

हा फरक आपल्याकडे नवा नाही. सांगली आणि दक्षिण सातारा भागात हेळवी गावोगाव फिरत आणि आपल्या वहीतून एखाद्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवत. त्यांना धान्य, कपडा किंवा रोख रक्कम दिली जाई, आणि नव्याने जन्मलेल्या मुलांची नावे त्याच वेळी वहीत चढत. ही झाडाची सेवा होती, तिचे शुल्क होते आणि तिचे नूतनीकरणही होते. उलट तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते दप्तर आहे. त्यात कोणाची वंशावळ लिहिलेली नसते. अमुक तारखेला अमुक गावी अमुक माणसाच्या घरी मुलगा झाला, एवढेच असते, आणि पुष्कळदा त्या मुलाचे नावही नसते. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या मात्र या दोहोंच्या सीमेवर उभ्या आहेत, कारण नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेला पूर्वज स्वतःच्या हाताने लेख लिहून देत असल्यामुळे तो लेख एकाच वेळी वंशावळही ठरतो आणि नोंदही.

आता आधी झाडाची किंमत पाहू, कारण ती लवकर पाहून होते. झाड मांडण्यासाठी पैसे देण्याची गरज बहुतेकांना नसते. फॅमिलीसर्च ही सेवा पूर्णपणे मोफत आहे. ती अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका ख्रिस्ती चर्चची असून तिचे मूळ १८९४ साली स्थापन झालेल्या वंशशास्त्रीय संस्थेत आहे. अ‍ॅन्सेस्ट्री या वर्गणी घेणाऱ्या सेवेचे मुख्यालयही त्याच युटा राज्यात असल्यामुळे या दोघींची गल्लत नेहमी होते, परंतु ती निव्वळ व्यापारी कंपनी आहे आणि २०२० साली ती ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचे मिळून एकच झाड असते, त्यामुळे आपण लिहिलेल्या मृत व्यक्तीच्या माहितीत दुसरा कोणीही सदस्य बदल करू शकतो. हयात व्यक्तींची माहिती मात्र इतरांना दिसत नाही. ज्यांना हे सार्वजनिकपण नको असेल त्यांनी ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर बसवावे. ते दिसायला रुक्ष आहे, पण वही कोणाच्या हाती जात नाही.

मायहेरिटेज या अशाच दुसऱ्या सेवेच्या मोफत खात्यात २५० व्यक्तींची मर्यादा आहे. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण मूळ पुरुषाला तीन मुलगे, त्या प्रत्येकाला तीन, असे धरून पाचव्या पिढीपर्यंत आलो तर नुसते पुरुषच १२१ होतात आणि सुना धरल्या की २४२. लेकींना अजून जागाच दिलेली नाही, आणि ज्या झाडात लेकी नाहीत त्याला मी निदान आज तरी वंशवृक्ष म्हणणार नाही. एका गावातल्या भावकीलाही ही मर्यादा पुरत नाही आणि तिथून पुढे वर्गणीचा आग्रह सुरू होतो. म्हणून कोठेही पहिले नाव लिहिण्याआधी एकच गोष्ट तपासावी, ती म्हणजे ते झाड जेडकॉम या प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते की नाही. हा साचा १९८४ पासून प्रचलित आहे आणि जवळजवळ प्रत्येक सेवा तो स्वीकारते. झाड बाहेर काढता येत असेल तर वर्गणी थांबवताना काही गमवावे लागत नाही.

झाडाच्या बाबतीत आणखी एक तक्रार नोंदवतो. या सेवांचे रकाने आपल्या चालीरीतींसाठी आखलेले नाहीत. स्त्रीचे माहेरचे आडनाव लिहिण्याची सोय असते, पण लग्नात पाळण्यातले नावच बदलले असेल तर ते पर्यायी नाव म्हणून कोठे तरी कोपऱ्यात ढकलावे लागते. दत्तकासाठी वेगळे नाते निवडता येते, तथापि जनक घराणे आणि दत्तक घराणे यांपैकी कोणते झाड पुढे वाढवायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. १८४८ साली साताऱ्याचे राज्यच दत्तक नामंजूर करून खालसा झाले, तेव्हा या भागातल्या माणसाने हा रकाना गंभीरपणे भरावा हे साहजिक आहे.

खरी वर्गणी असते ती दप्तराची, आणि तिथे पहिला प्रश्न विचारायचा तो दप्तर कोणाचे, हा. इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी आहे. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पासून घरातील प्रत्येक मुक्त, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव लिहिलेले आहे, आणि ठरावीक काळानंतर ती पाने खुली होतात. पैसे घेणाऱ्या सेवांचा कणा म्हणजे हे दप्तर. आपल्याकडील जनगणनेची कुटुंबवार पत्रके १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार कोणालाही पाहता येत नाहीत, म्हणून तो कणा भारतीय शोधाला मिळतच नाही. मग यादीत 'भारत' असे लिहिलेले असते ते काय? फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या संकेतस्थळावर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदी आहेत. त्यांत बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी आहेत. म्हणजे महाबळेश्वरला हवा पालटायला आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचे मूल तिथे सापडेल, पण त्या अधिकाऱ्याचा डबा वाहणारा आपला पणजोबा सापडणार नाही. ज्यांचे घराणे युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन आहे त्यांच्यासाठी हा खजिना आहे, आणि त्यांनीही वर्गणीआधी फिबिस या संस्थेची मोफत सूची पाहावी. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे विनामूल्य आहेत, परंतु आपल्या लोकांचे लेख हरिद्वारपेक्षा नाशिक, त्र्यंबक आणि पंढरपूर इथे असण्याचा संभव अधिक.

सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना उपयोगी पडेल असे एक परदेशी दप्तर मात्र खरोखर आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या; १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कुटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, असे तिथे सांगितले जाते. अशा मृत सैनिकांची नावे कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि कित्येक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. अडचण फक्त लेखनाची आहे, कारण इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले; म्हणून आडनावाऐवजी गावाच्या नावाने शोधावे आणि गावाचेही तीन-चार उच्चार करून पाहावेत.

याउलट आपले स्वतःचे दप्तर जवळ आहे, स्वस्त आहे आणि कष्टाचे आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला, आणि त्यानंतरच्या फेरफारांमध्ये, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींमध्ये, वारसाची नोंद असेल तर एका परिच्छेदात मृत व्यक्ती, तिची विधवा, मुलगे, कधी लग्न झालेल्या मुलींची सासरची नावे, आणि एखादा मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यास त्याचा पालक, इतके सारे मिळते. मला विचाराल तर वंशावळीच्या कामी फेरफाराइतका बोलका कागद दुसरा नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, आणि त्या क्रमांकांचा माग काढत मागे जाता येते. शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर जुने स्कॅन केलेले कागद पृष्ठवार शुल्कात मिळतात. तिथे आपला तालुका आहे का हे आधी पाहावे, नसल्यास तहसीलला अर्ज करून नक्कल घ्यावी. खर्च वाढतो तो मोडी लिपीमुळे, कारण कागद जुना असेल तर तो वाचून देणाऱ्याला पानागणिक पैसे द्यावे लागतात. मोडी शिकून घेण्यास काही महिने लागतात आणि ते महिने मी वाया गेलेले मानत नाही.

सांगलीकरांनी इथे एक सावधगिरी बाळगावी. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यापूर्वीचा तासगाव, वाळवा किंवा खानापूरचा माणूस कागदोपत्री सातारा जिल्ह्याचा असतो, आटपाडीचा माणूस औंध संस्थानचा असतो, आणि जतचा जत संस्थानचा. परदेशी संकेतस्थळावर 'सांगली' असे लिहून शोधणाऱ्याला म्हणूनच काही मिळत नाही, आणि तो बिचारा आणखी महागडी वर्गणी घेतो.

जातपडताळणीसाठी वंशावळ हवी असलेल्यांनी तर झाड आणि दप्तर यांची गल्लत मुळीच करू नये. इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तिथे संकेतस्थळावरून छापून नेलेल्या रंगीत झाडाला पुराव्याचे मोल नाही. प्रतिज्ञापत्रावरील वंशावळ आणि तिच्या प्रत्येक पायरीला आधार देणारी नोंद लागते.

डीएनए चाचणीचा उल्लेख केवळ ती याच जाहिरातींत असते म्हणून करतो. ती झाडही नव्हे आणि दप्तरही नव्हे. ज्यांनी ती करून घेतली आहे त्यांच्याशीच ती आपली गाठ घालून देते, आणि आपल्या तालुक्यातले किती जण थुंकीची नळी परदेशी पाठवतात हे वाचकांनीच मोजावे. ट्वेंटीथ्री अँड मी या अशी चाचणी करणाऱ्या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, एवढे सांगून मी पुढे जातो.

इतके असूनही दप्तराची वर्गणी केव्हा भरावी, तर घरातले कोणी समुद्रापार गेले असेल तेव्हा. ती भरताना जाहिरातीतील दरावर न जाता डॉलर किंवा पौंडाचा विनिमय दर, त्यावर कार्ड देणारी बँक लावते तो दोन ते साडेतीन टक्क्यांचा आकार आणि त्या आकारावरील जीएसटी धरून हिशेब करावा. वर्गणीआधीच्या मोफत वापराचा काळ संपताच आपोआप पूर्ण वर्षाचे पैसे कापले जातात. मी स्वतः एका सेवेत चौदाव्या दिवशी रद्द करायचे म्हणून ठरवले आणि पंधराव्या दिवशी मला ते आठवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरील अशा आवर्ती वजावटीची सूचना २४ तास आधी येते आणि १५,००० रुपयांवरील रकमेस पुन्हा ओटीपी लागतो, पण ती सूचना वाचावी लागते. वार्षिक वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडते, आणि तरीही मी एकच महिना घ्यावा असे सांगेन, कारण शोधायच्या नावांची यादी आधी तयार असेल तर चार रविवार पुरतात.

आमच्या घरी तसेच झाले. माझे एक चुलत आजोबा पन्नाशीच्या दशकात बोटीने विलायतेला शिकायला गेले होते, आणि १९६० पर्यंतच्या ब्रिटिश बंदरांवरील उतारूंच्या याद्या अ‍ॅन्सेस्ट्रीवर आहेत. पुतण्याने एका महिन्याची वर्गणी भरली आणि दुसऱ्याच रविवारी त्यांचे नाव, वय, बोट आणि लंडनमधला उतरण्याचा पत्ता हाती आला. वडिलांचे नाव त्या यादीत नव्हते. ते तासगावच्या एका वारस फेरफारात होते, तिन्ही भावांच्या आणि घरात कोणालाच ठाऊक नसलेल्या एका बहिणीच्या नावासकट. त्या नकलेला काय खर्च आला असे पुतण्याने विचारले, तेव्हा रक्कम फारच किरकोळ वाटेल म्हणून मी त्यात एसटीचे जाण्या-येण्याचे तिकीटही धरून सांगितले.