लहान नगरांतील लोकप्रतिनिधींचे मानधन व खर्चनियम

नगराध्यक्ष, नगरसेवक अशा निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांना किती मानधन द्यावे, बैठकीचा व प्रवासाचा भत्ता कोणता असावा आणि सार्वजनिक कामासाठी त्यांनी पदरचे घातलेले पैसे कोणत्या आधारावर परत करावेत, हे ठरवणारी व्यवस्था. लहान नगरात ती विशेष नाजूक असते. कार्यालयात माणसे मोजकी, आणि बिल तपासणाऱ्याची नोकरी अनेकदा बिल देणाऱ्याच्याच मर्जीवर असते.

मानधन द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात पेरिक्लीस या नेत्याने न्यायसभेवर बसणाऱ्या नागरिकांना दिवसाचा मोबदला सुरू केला. ब्रिटनमध्ये कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांनी १८३८च्या सनदेत खासदारांना वेतन मागितले. ते १९११ मध्ये वार्षिक ४०० पौंड या दराने मिळाले. दोन्हीकडे हेतू एकच होता : पोटासाठी राबणाऱ्यालाही सभागृहात बसता यावे. मानधन नाममात्र ठेवले की निवृत्त, सधन आणि स्वतःचा धंदा असलेलेच निवडणुकीला उभे राहू शकतात. त्यामुळे फुकट सेवेला काटकसर म्हणून मिरवणे योग्य नाही.

खरी अडचण ठरावाची. मानधन वाढवणारे आणि ते घेणारे बहुधा तेच असतात. म्हणून वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू करण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. अमेरिकी काँग्रेससाठी हेच सांगणारी घटनादुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि १९९२ मध्ये संमत झाली. इंग्लंडमध्ये नगर परिषदांना भत्ते ठरवताना स्वतंत्र मंडळाच्या शिफारशी विचारात घ्याव्या लागतात. त्या बंधनकारक मात्र नाहीत.

कॅलिफोर्नियातील बेल या छोट्या शहराचे उदाहरण बोलके आहे. २००५ मध्ये तेथे स्वतंत्र सनदेसाठी, म्हणजे शहराचा कारभार स्वतःच्या नियमांनी चालवण्याच्या अधिकारासाठी, मतदान झाले. जेमतेम चारशेच्या आत मते पडली आणि राज्याने नगरसेवकांच्या वेतनावर घातलेल्या मर्यादेतून शहर बाहेर पडले. अर्धवेळ नगरसेवकांना वर्षाला सुमारे एक लाख डॉलर मिळत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. त्यांतली बरीचशी रक्कम मूळ वेतनाची नव्हतीच. क्वचित काम करणाऱ्या मंडळांवरील सदस्यत्वापोटी ती दिली जाई. म्हणून मर्यादा घालायची तर ती सर्व पदांच्या एकूण रकमेवर घालावी लागते.

खर्चाच्या बाबतीत नियम जितका बारीक तितका उपयोगी. प्रवासाला आधी मंजुरी, मूळ पावती, भेटीचे कारण, अग्रिम रकमेचा हिशेब देण्याची मुदत आणि सोबत आलेल्या कुटुंबीयांचा खर्च वेगळा, एवढे तरी लेखी हवे. सरसकट मासिक भत्ता दिला की पावत्यांची कटकट वाचते, पण खर्च झाला की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. लेखापरीक्षण वर्षाअखेरीस होते. तोवर मंजूर बिलांची यादी दरमहा सभेपुढे आणि नागरिकांपुढे ठेवता येते.